खासदाराने निधी आणला म्हणजे नक्की कुठून आणला?

नळपाणी

पुठ्ठ्याचा भलामोठा चेक हातात धरून लोकप्रतिनिधी, मेयर आणि दोन-चार अधिकारी दात दाखवत उभे आहेत, असा फोटो अमेरिकेतल्या कुठल्याही छोट्या गावाच्या वर्तमानपत्रात अधूनमधून दिसतोच. परवा आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर असाच एक फोटो आला आणि खाली लगेच प्रश्न आला, "म्हणजे इथेही आपल्यासारखा खासदार निधी असतो का?" मी पाणी आणि सांडपाणी योजनांची आखणी करणाऱ्या एका कंपनीत आहे. गावांच्या वतीने असले अर्ज भरणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग. तिथे चार ओळीत गुंडाळण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

तसा निधी इथे नसतो. भारतात खासदाराला वर्षाला ठरलेली रक्कम असते, तीतून तो कामं सुचवतो. इथे काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, सदस्याच्या नावावर एक डॉलरही राखून ठेवलेला नसतो. खर्चाचा जो वार्षिक कायदा होतो त्याच्या सोबतच्या तक्त्यात 'अमुक गाव, अमुक काम, अमुक रक्कम' अशी ओळ घालून घ्यायची, एवढंच त्याच्या हातात. यालाच इअरमार्क म्हणतात. २०११ पासून हा प्रकार बंद होता, २०२२ च्या आर्थिक वर्षापासून परत सुरू झाला. प्रतिनिधीगृहातल्या सदस्याला आधी १० कामांची मर्यादा होती, पुढच्या वर्षी १५ झाली. सिनेटरला अशी मर्यादा नाही. खासगी कंपनीसाठी मागता येत नाही, आपला किंवा घरच्यांचा आर्थिक संबंध नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि मागणी केलेली प्रत्येक गोष्ट आपल्या वेबसाइटवर टाकावी लागते. २०२३ साली अशी ७,२०० हून जास्त कामं मंजूर झाली, एकूण रक्कम १,५०० कोटी डॉलरच्या थोडी वर. आकडा मोठा वाटतो, पण सरकारच्या दरवर्षी मंजूर होणाऱ्या ऐच्छिक खर्चाच्या १ टक्क्याच्या आतच आहे.

आता त्या पुठ्ठ्याच्या चेकबद्दल. त्या दिवशी गावाच्या खात्यात काहीही जमा झालेलं नसतं. कायद्यात नाव आलं की गावाने ईपीएकडे, म्हणजे पर्यावरण खात्याकडे, नव्याने अर्ज करायचा. मग पर्यावरणाचा आढावा. पाइप, व्हॉल्व्ह, मॅनहोलची झाकणं, सगळं लोखंड अमेरिकेतच घडलेलं हवं आणि त्याची प्रमाणपत्रं फायलीत हवीत. (न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हावड्याच्या फाउंड्रीतली झाकणं आहेत हे अनेकांना ठाऊक असेल. ती इथे चालत नाहीत.) कामाच्या खर्चात २० टक्के वाटा गावाचा. बहुतेक वेळा काम आधी करायचं, बिलं मागून पाठवायची. तीन हजार वस्तीच्या गावात हे सगळं करणारी एकच क्लार्क असते आणि तीच पाणीपट्टीही गोळा करते. फोटो निघाल्यापासून खड्डा खणायला सुरुवात होईपर्यंत दोन-अडीच वर्षं सहज जातात.

आणि आता खरा मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला.

१९८७ पासून प्रत्येक राज्यात सांडपाणी योजनांसाठी एक फिरता निधी आहे. वॉशिंग्टनहून दरवर्षी ठरलेल्या सूत्राने पैसे येतात, राज्य त्यात २० टक्क्यांची भर घालतं आणि गावांना कमी व्याजाने कर्ज देतं. गाव फेडतं, तेच पैसे पुढच्या गावाला जातात. पिण्याच्या पाण्यासाठी असाच दुसरा निधी १९९६ साली झाला. २०२२ पासून पाण्याचे इअरमार्क या दोन निधींच्या वार्षिक तरतुदीतूनच कापून घेतात. वेगळा पैसा नाही. २०२३ साली सांडपाण्याच्या निधीची तरतूद होती सुमारे १६४ कोटी डॉलर, त्यातले ८६ कोटी इअरमार्कमध्ये गेले. पिण्याच्या पाण्याच्या सुमारे ११३ कोटींतले ६१ कोटी. दोन्हीकडे निम्म्याहून जास्त!

म्हणजे सदस्याने जो निधी 'खेचून आणला' तो बऱ्याच अंशी राज्यांना येणारच होता. आला असता तर फिरत राहिला असता. आता अनुदान म्हणून एका गावात एकदाच मुरला. ज्या राज्याचे सिनेटर विनियोजन समितीवर (खर्चाचे कायदे जिथे तयार होतात ती) वजनदार, त्याला कापलेल्यापेक्षा जास्त परत मिळतं, बाकीचे हात चोळत बसतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं आणि वर सत्कारही घ्यायचा.

तुमचं काय मत?

रत्नांग्रीकर

छान माहिती. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

आपल्याकडचा तपशील नोंदवून ठेवतो. खासदार निधी सुरू झाला डिसेंबर १९९३ मध्ये, नरसिंह राव पंतप्रधान असताना. पहिल्या वर्षी प्रत्येकी ५ लाख, मग १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी. खासदाराच्या हातात पैसा पडत नाही. तो शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागासाठी, असंही बंधन. कोविडमध्ये एप्रिल २०२० ला स्थगित केला होता, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात परत आला.

आमच्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवर मात्र फलक असा आहे की वाचणाऱ्याला वाटावं, साहेबांनी आईचे दागिने मोडून रस्ता केला.

विदा_दाखवा

रत्नांग्रीकर, +१ फलकाला.

नळपाणी, तुमचा मुद्दा पटला, पण तुम्ही फार सौम्य लिहिलंय. ही पद्धत २०११ ला बंद का झाली ते नव्या वाचकांना कळायला हवं.

अलास्कात केचिकन नावाचं गाव आहे. समोर ग्रॅविना बेट. गावाचा विमानतळ त्या बेटावर, तिथली वस्ती साधारण ५० माणसं. फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे सोडते. २००५ च्या महामार्ग कायद्यात या बेटाला जोडणाऱ्या पुलासाठी २२ कोटी ३० लाख डॉलर घातले गेले. प्रतिनिधीगृहातल्या वाहतूक समितीचे अध्यक्ष कोण? डॉन यंग. निवडून आले कुठून? अलास्का. त्या राज्यातून प्रतिनिधीगृहात एकच सदस्य जातो, तो हाच. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

पुढचं जास्त मजेदार आहे. त्याच वर्षी कतरिना वादळाने लुइझियाना झोडपलं. ऑक्टोबरात ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी दुरुस्ती मांडली की पुलाचे पैसे तिथला वादळात मोडलेला महामार्गाचा पूल दुरुस्त करायला वळवा. अलास्काचे टेड स्टीव्हन्स सभागृहात कडाडले की असं झालं तर राजीनामा देईन. दुरुस्ती १५ विरुद्ध ८२ मतांनी पडली. ८२ मतं! दोन्ही पक्ष त्यात आले. कारण उघड आहे, आज तुमचा पूल पाडला तर उद्या माझं धरण पडेल.

बोंबाबोंब झाल्यावर नोव्हेंबरमध्ये पुलाच्या नावाची अट काढली, पण पैसे अलास्कालाच राहिले. २००७ मध्ये गव्हर्नर सारा पेलिन यांनी प्रकल्प बंद केला. बेटावर पुलाकडे जाणारा रस्ता मात्र बांधून झाला. पूल नाही, रस्ता आहे. विमानतळावर लोक अजून फेरीनेच जातात.

फाटकी_छत्री

धाग्याला पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

पण विदा_दाखवा, पूल हा मूर्खपणा म्हणा हवं तर, भ्रष्टाचार नव्हे. डॉन यंगने मतदारांसाठी मागितलं आणि मिळवलं. त्यासाठीच निवडून दिलं होतं ना त्याला?

विदा_दाखवा

मग भ्रष्टाचार घ्या. रँडी 'ड्यूक' कनिंगहॅम. कॅलिफोर्नियाचा प्रतिनिधी, व्हिएतनाम युद्धातला नावाजलेला वैमानिक, संरक्षण खर्चाच्या उपसमितीवर. काँग्रेसची मुद्रा छापलेल्या नोटकार्डावर त्याने हाताने दरपत्रक लिहून दिलं होतं. एका रकान्यात कंत्राटाची रक्कम, दशलक्ष डॉलरमध्ये. दुसऱ्यात लाच, हजारांत. पहिल्या १६ दशलक्षांच्या कंत्राटासाठी १ लाख ४० हजारांची बोट. त्यापुढच्या प्रत्येक दशलक्षाला ५० हजार. पुढे घाऊक गिऱ्हाइकाला सवलत, दर २५ हजारांवर. उडप्याच्या हॉटेलातला फळा बरा, तिथे निदान भाव रोज बदलत नाहीत.

नोव्हेंबर २००५ मध्ये गुन्हा कबूल केला, लाचेचा आकडा २४ लाख डॉलर. २००६ ला ८ वर्षं ४ महिने शिक्षा.

बेळगावची_माहेरवाशीण

अवांतर: आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून निवडून गेलेत ना? तेही असा निधी मागू शकतात का? की त्यासाठी ती विनियोजन समितीवरच असावं लागतं?

नळपाणी

ताई, हो, जानेवारी २०२३ पासून ते मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघाचे प्रतिनिधी आहेत. मागणी कोणीही सदस्य करू शकतो, पहिल्या टर्मचा असला तरी. समितीवर असलं तर किती मिळेल यात फरक पडतो, मागण्याच्या हक्कात नाही. प्रत्येकाची मागण्यांची यादी त्याच्या सरकारी वेबसाइटवर असते: कोणत्या संस्थेसाठी, पत्ता काय, किती रक्कम, का. डेट्रॉइटला भाऊ-भावजय असतील तर त्यांना बघायला सांगा.

वजनदार असण्याचा नमुना म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड. ५१ वर्षं सिनेटमध्ये, त्यातली कित्येक विनियोजन समितीच्या अध्यक्षपदावर. एफबीआयचं बोटांच्या ठशांचं केंद्र वॉशिंग्टनहून उचलून क्लार्क्सबर्गला नेलं. रस्ते, पूल, इमारती, ग्रीन बँकची अजस्र रेडिओ दुर्बीणसुद्धा त्यांच्याच नावाची. त्या राज्यातून गाडी चालवताना पाटी दिसली की मुलं न वाचताच नाव सांगतात.

ग्रेट_लेक्सवाला

मी फ्लिंटपासून जवळ राहतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

इअरमार्क बंद होते त्या दहा वर्षांत निधीचं वाटप शुद्ध झालं असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. सदस्य खात्याच्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहायचे, फोन करायचे. पत्र कुठे प्रसिद्ध होत नाही, फोनची नोंद कुठे सापडत नाही. आताची यादी निदान डोळ्यांसमोर असते.

फ्लिंटचंच घ्या. २०१४ मध्ये नदीचं पाणी पुरवायला सुरुवात झाली, गंज रोखणारी प्रक्रिया केली नाही, शिशाच्या जुन्या जोडण्यांतून शिसं पाण्यात उतरलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते. मदत हवी, तर कायद्यात गावाचं नाव घालायची बंदी! म्हणून 'शिशामुळे सार्वजनिक आरोग्याला धोका झाल्याने राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केलेलं राज्य' अशा वळणाची भाषा वापरावी लागली. असं राज्य देशात एकच होतं. सिनेटर स्टॅबेनाउ आणि पीटर्स, प्रतिनिधी डॅन किल्डी यांना त्यासाठी जवळपास सगळं २०१६ साल झगडावं लागलं. डिसेंबरात कायदा झाला, १० कोटी डॉलर मिळाले. उघड मागायची सोय असती तर एवढं शब्दांचं कसरतकाम कशाला?

आणि नळपाणी, तुमच्या फिरत्या निधीबद्दल. तो कर्ज देतो. माझ्या काउंटीतली अशी गावं तुम्हालाही माहीत असतील जिथे कारखाना गेला, तरुण गेले, उरलेल्या पेन्शनरांकडून पाणीपट्टी किती वाढवणार? तिथे कमी व्याजाचं कर्ज म्हणजेही कर्जच. त्यांना अनुदानच लागतं. सूत्र लोकसंख्या बघतं, गरज बघतं म्हणे, पण शेवटी अर्ज कोण नीट करतो तर ज्या गावाकडे इंजिनियर आहे तो. सदस्याला तीनशे मैल गाडी चालवून त्या गावात जावं लागतं, दुर्गंधी घ्यावी लागते. सूत्राला नाक नसतं.

नळपाणी

ग्रेट_लेक्सवाला, शेवटचं वाक्य मस्त. पण थोडी दुरुस्ती. फिरत्या निधीतूनही गरीब गावांना मुद्दलमाफी देता येते, ती अनुदानासारखीच असते. आणि ती माफी द्यायची कुवत राज्याकडे येते कुठून? त्याच वार्षिक तरतुदीतून, जिच्यातून इअरमार्क कापले जातात. म्हणजे तुम्ही म्हणताय त्या पेन्शनरांच्या गावांचा घास आधी जातो.

कापाकापी फारशी जाणवली नाही याचं एक कारण आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या निधींना पाच वर्षांसाठी वेगळी मोठी भर घातली, शिशाच्या जोडण्या बदलायला १,५०० कोटी डॉलर धरून. ती भर २०२६ पर्यंतची. ती संपली की राज्यांचे लोक जागे होतील.

फाटकी_छत्री

त्या २०२१ च्या कायद्यावरून आठवलं. विरोधात मतदान करून मग आपल्या मतदारसंघात त्याच पैशाच्या कामाच्या उद्घाटनाला हजर राहणारे किती तरी निघाले. बायडन यांनी २०२३ च्या भाषणात भर सभागृहात टोमणा मारला होता की तुम्ही विरोधात मत दिलंत तरी तुमच्या भागातल्या कामांनाही पैसे देऊ, भूमिपूजनाला भेटूच.

हे वाचून माझ्या सासऱ्यांची प्रतिक्रिया: "म्हणजे तिकडेही नारळ दुसऱ्याचा आणि फोडणारा तिसरा."

घाटावरचा_पाहुणा

एक प्रश्न. समजा यादीत नाव आलं, फोटोही निघाला, आणि कायदाच झाला नाही तर?

नळपाणी

झालंय तसंच. २०२५ च्या आर्थिक वर्षाचे खर्चाचे कायदे वेळेत झाले नाहीत. मार्च २०२५ मध्ये जुन्याच पातळीवर वर्षभराची मुदतवाढ देऊन टाकली, आणि तिच्यात इअरमार्क एकही नव्हता. समित्यांनी मंजूर केलेल्या हजारो ओळी एका रात्रीत रद्दी. ज्या गावांनी त्या भरवशावर नकाशे करून घेतले, सल्लागाराची फी भरली, त्यांना कोणी विचारलं नाही. फिरत्या निधीचं मात्र सूत्राप्रमाणे वाटप झालं. सूत्राला नाक नसतं, पण रुसवाही नसतो.

विदा_दाखवा

आता कसं बोललात!

रत्नांग्रीकर

माझ्या डोक्यात मघापासून कोकण रेल्वे घोळतेय. खासदाराने केंद्राकडून आणलेलं काम म्हटलं की आमच्याकडे तेच नाव पुढे येतं. बॅ. नाथ पै संसदेत मागत राहिले. १९७१ मध्ये ते गेल्यावर राजापुरातून मधु दंडवते आले, तेही तोच धोशा लावून बसले. १९७७ ला स्वतः रेल्वेमंत्री झाले, तरी एका फटक्यात रेल्वे आणता आली नाही, कारण रेल्वेच्या अर्थसंकल्पात एवढा पैसाच नव्हता. वार्षिक तरतुदीवर सोडलं असतं तर दर वर्षी चार पुलांपुरता पैसा आणि पुढचं पुढच्या वर्षी.

सुटका झाली ती १९९० मध्ये. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, आणि स्वतंत्र महामंडळ. रेल्वेचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. बराचसा पैसा बाजारात रोखे विकून उभा केला. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला. ७४० किलोमीटर.

दंडवत्यांचा पुठ्ठ्याचा चेक घेतलेला फोटो माझ्या तरी बघण्यात नाही.

ग्रेट_लेक्सवाला

कोकण रेल्वेची तुलना थोडी ताणलेली वाटते. आख्खी किनारपट्टी आणि तीन हजार वस्तीच्या गावाचं पंपिंग स्टेशन यांत फरक आहे. दर पंपासाठी महामंडळ काढणार का? शिवाय दोघेही त्या घडीला मंत्री होते, नुसते सदस्य नव्हते.

रत्नांग्रीकर

मान्य, मंत्री होते. पण पंपासाठी महामंडळ नको म्हणूनच तर तो फिरता निधी आहे ना? नळपाणींनी सांगितलेली गोष्ट मला तशीच दिसते. १९८७ ला कोणीतरी एकदाच नीट यंत्रणा बसवली, आता तिच्यातले नटबोल्ट काढून एकेक सदस्य आपल्या गावाला भेट देतोय.

फाटकी_छत्री

अजून एक गंमत. तो १९८७ चा कायदा रेगन यांनी फार खर्चिक म्हणून नाकारला होता, काँग्रेसने व्हेटो उलटवून केला. पुढच्याच महिन्यात त्यांनी महामार्गांचा कायदा नाकारला, त्यातल्या इअरमार्कवरून. तो व्हेटोही उलटवला गेला. सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३३. बरोब्बर दोन तृतीयांश, एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पडला असता.

घाटावरचा_पाहुणा

नळपाणीसाहेब, हे सगळं बघता तुम्ही गावांना काय सल्ला देता? सदस्याच्या दारात जाऊ नका?

नळपाणी

छे. दरवर्षी पाठवतो. सदस्यांची कार्यालयं अर्जाला जेमतेम काही आठवडे देतात. मेयर, शाळा, अग्निशमन दल यांची पाठिंब्याची पत्रं आधीच तयार ठेवा म्हणून मी आदल्या वर्षाअखेरपासून मागे लागतो. माझ्या गिऱ्हाईक गावाने मागितलं नाही म्हणून पैसे फिरत्या निधीत परत जातात असं थोडंच आहे? शेजारच्या मतदारसंघात जातात. त्याच वेळी राज्याकडे कर्जाचाही अर्ज टाकायला लावतो, मुद्दलमाफीच्या रकान्यात खूण करून. मात्र फोटोच्या दिवशी काउन्सिलला एकच सांगतो: २० टक्क्यांचा ठराव आजच करून घ्या, कारण पाहुणे गेले की सभागृहात गणपूर्ती होत नाही.

फाटकी_छत्री

त्या फोटोत तुम्ही असता का हो?

नळपाणी

मागच्या रांगेत. चेकचं एक टोक कोणीतरी धरावं लागतं, वाऱ्याने उडतो तो.